एकवीस नंबरचं टक्कल

फोटो बघून खरं-खोटं ओळखण्यात माझा हात धरणारं आमच्या ऑफिसात कोणी नाही! हे मी म्हणत नाही, साहेब म्हणतात. आणि साहेब सहसा कोणाबद्दल चांगलं बोलत नाहीत. विमा कंपनीत दाव्यांचे फोटो तपासणं हे माझं काम. पाइप फुटून भिजलेला गालिचा कोणता आणि मालकाने स्वतः बादली ओतून भिजवलेला कोणता, हे मी जेवता जेवता सांगते. एकदा एका गृहस्थांनी ‘माझी गाडी चेपली’ म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा फोटो पाठवला होता. आरशाला लटकणाऱ्या बाहुलीवरून पकडलं त्यांना!

हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचल्यावर तुमचा यावर विश्वास बसणार नाही.

तर, माझी बाळंतपणाची रजा संपली. आमचं पिल्लू आठ महिन्यांचं झालं. गोल चेहरा, दोन्ही गालांवर खळ्या आणि डोक्यावर केस म्हणाल तर एकही नाही. कोणीही घरी आलं की पाळण्यात डोकावायचं आणि म्हणायचं, “अगदी आजोबांवर गेलंय हो!” मला संताप यायचा. नऊ महिने ओझं वाहिलं मी, ओकाऱ्या काढल्या मी, आणि श्रेय सासऱ्यांना! टक्कल सोडलं तर दोघांत काडीचंही साम्य नाही, असं मी प्रत्येकाला छातीठोकपणे सांगायची. आठ महिन्यांच्या मुलांना केस नसतातच. बाबांना एकाहत्तराव्या वर्षी नाहीत. कारणं वेगळी आहेत!

घरचे म्हणतात, मी फार काळजी करते. खोटं आहे. मी फक्त लक्ष ठेवते. पिल्लू झोपलं की त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघते, एवढंच. तासातून चारदा. आता ऑफिसातून बोट कसं धरणार? म्हणून मी कॅमेरा आणायचं ठरवलं.

सासूबाईंनी खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हातातला चमचा खाली ठेवला. त्यांनी चमचा खाली ठेवला की समजायचं, वादळ आलं.

“माझ्यावर नजर ठेवायला आणलास?”

“नाही हो आई! पिल्लावर.”

“पिल्लू दिवसभर माझ्या कडेवर असणार. म्हणजे माझ्यावरच की!”

“आई, तसं नाही हो. त्याला बघितल्याशिवाय मला ऑफिसात बसवणार नाही...”

“तीन पोरं वाढवली मी. एकाचंही कान-नाक हरवलं नाही. बघ मोजून, तुझ्या नवऱ्याचं तर नाक जास्तच मोठं आहे.” मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, “लाव. लाव तुझा डोळा. पण एक अट आहे. हा डोळा असताना एक दिवस जरी तू ऑफिस सोडून धावत घरी आलीस, तर त्याच संध्याकाळी तो भिंतीवरून उतरायचा. आणि मग दिवसातून दहा फोन करून ‘झोपलं का, पालथं नाही ना, श्वास नीट चाललाय ना’ हेसुद्धा विचारायचं नाही. कबूल?”

“कबूल!” मी म्हणाले. कॅमेरा गेला तर मी ऑफिसच्या खुर्चीत एक तास बसू शकणार नव्हते, हे मला पक्कं माहीत होतं. कॅमेरा म्हणजे माझी नोकरी!

खोक्यात कॅमेरे दोन निघाले. जोडीनेच विकतात म्हणे. दुसऱ्याचं काय करायचं, यावर विचार चालू असतानाच बाबा पुढे सरसावले.

“तो मला दे, पोरी. मला एक जुना खटला निकाली काढायचाय.”

खटला असा: सासूबाई म्हणतात, बाबा घोरतात. बाबा म्हणतात, मी घोरत नाही, मी फक्त खोल श्वास घेतो. हा वाद माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीपासून चालू आहे. बाबांनी कॅमेरा आपल्या कपाटाच्या माथ्यावर, बरोबर उशीच्या वर, खाली तोंड करून बसवला. “आवाजही पकडतो ना हा? उत्तम! आता पुरावा बोलेल!”

“बोलेल कसला, गर्जेल!” सासूबाई म्हणाल्या.

आता मुख्य काम. हे कॅमेरे आपलं चित्र आधी कंपनीच्या कुठल्याशा कम्प्युटरवर पाठवतात आणि तिथून आपल्याला दाखवतात. म्हणजे माझं पिल्लू कोणत्या तरी परक्या मशिनीत जाऊन येणार? छे! मी ठरवलं, घर ते ऑफिस थेट रस्ता काढायचा, मध्ये कोणी नको. त्यासाठी राउटरला हात घालावा लागणार होता. तोवर राउटर म्हणजे माझ्या लेखी टीव्हीशेजारचा धूळ खाणारा, शिंगं फुटलेला डबा होता. मी तीन संध्याकाळी एका मांडीवर पिल्लू आणि दुसऱ्या मांडीवर माहितीपुस्तक घेऊन बसले आणि विषय संपवला!

तुम्हालाही सांगते, फार सोपं आहे. घर म्हणजे एक इमारत. राउटर म्हणजे तिचा वॉचमन. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, कॅमेऱ्याला तो एकेक खोली नंबर देतो. पिल्लाच्या कॅमेऱ्याला मिळाला एकवीस, बाबांच्या कॅमेऱ्याला बावीस. बाहेरच्यांना आतलं काही दिसत नाही. पण आपण वॉचमनला चिठ्ठी लिहून देऊ शकतो: अमुक दारावर कोणी आलं की त्याला थेट एकवीस नंबरच्या खोलीत नेऊन सोड. या चिठ्ठीला म्हणतात पोर्ट फॉरवर्डिंग. आणि कोणाला आत घ्यायचं, कोणाला हाकलायचं, ही त्याच्या हातातली यादी म्हणजे फायरवॉल. झालं!

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आणखी एक सूचना होती म्हणे. डबा बंद करून चालू केला की वॉचमन खोल्यांचे नंबर नव्याने वाटू शकतो, तेव्हा महत्त्वाचा नंबर राखीव करून ठेवा. ती सूचना मी वाचली नाही. ते पान पिल्लाने खाल्लं होतं.

कामाच्या पहिल्या दिवशी सकाळी, एका हाताने चप्पल घालत, मी दुसऱ्या हाताने फायरवॉलचे शेवटचे नियम भरले. पहिला नियम: माझ्या ऑफिसच्या पत्त्यावरून कोणी आलं तर येऊ द्या, जाऊ द्या. दुसरा नियम: बाकी सगळं बंद. तिथे दोन चौकटी होत्या, ‘बाहेरून आत’ आणि ‘आतून बाहेर’. मी दोन्हींवर खूण केली. एका कुलपापेक्षा दोन कुलपं बरी! डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला. पिल्लाच्या टकलावर पापी घेतली आणि निघाले. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

“संध्याकाळीच ये हां,” त्या म्हणाल्या. इतक्या गोड आवाजात त्या कधीच बोलत नाहीत.

ऑफिसात पोचून कम्प्युटर लावला, पत्ता टाकला, पासवर्ड टाकला (पिल्लाची जन्मतारीख, दोन्ही कॅमेऱ्यांना एकच), आणि काय सांगू! समोर माझं पिल्लू! चटईवर उताणं पडून स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालायची खटपट करत होतं. मी एवढ्या मोठ्याने किंचाळले की शेजारच्या टेबलावरच्या स्टेपलरताईंच्या हातून फायली पडल्या. यांचं नाव स्टेपलरताई पडलं, कारण त्या आपला स्टेपलर जिवंतपणी कोणाला देत नाहीत.

“तू स्वतः केलंस हे?” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं.

“त्यात काय आहे ताई? एक पोर्ट, दोन नियम!” मी एखाद्या शास्त्रज्ञासारखी खुर्चीत मागे रेलले.

अकराला पिल्लाची झोपायची वेळ. अकरा वाजून पाच मिनिटांनी मी पुन्हा चित्र उघडलं. खोलीत पडदे ओढलेले, म्हणून चित्र काळं-पांढरं. चौकटीचं पांघरूण, सासूबाईंनी स्वतः शिवलेलं. त्यातून बाहेर आलेलं गोल गुळगुळीत डोकं, भिंतीकडे तोंड करून. उशीशेजारी बाटली. अहाहा! असं वाटलं, स्क्रीनमध्ये हात घालून त्या डोक्यावरून फिरवावा. मग वाटलं, श्वास तरी ऐकू. कानाला हेडफोन लावला.

आणि काय ऐकू यावं!

घर्रर्र... घुर्रर्र... फूऽऽऽ! घर्रर्र... घुर्रर्र... फूऽऽऽ!

“ताई!” मी हेडफोन काढून त्यांच्यापुढे धरला. “ताई, हे ऐका!”

स्टेपलरताईंनी हेडफोन लावला आणि लगेच कानापासून वीतभर लांब धरला. “अगं बाई! हे काय आहे? मिक्सर चालू आहे का घरात?”

“ते पिल्लू आहे!”

“एवढंसं पिल्लू?”

“छाती भरलीय त्याची! सकाळी तर ठणठणीत होतं!”

मी सासूबाईंना फोन लावला. लागेना. बाबांना लावला. लागेना. पुन्हा सासूबाईंना. ‘आपण डायल केलेली व्यक्ती...’ आमच्या घरात फोनची रेंज अशी नाहीच. स्वयंपाकघराच्या खिडकीत मान बाहेर काढून उभं राहिलं तर दोन काड्या मिळतात. बाकी सगळे फोन घरच्या वायफायवरून चालतात. आणि वायफायवरून ‘आतून बाहेर’ जायची चौकट कोणी बंद केली होती, ते तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही. मला फक्त एवढंच कळलं की दोन्ही फोन एकाच वेळी बंद आहेत. दोन्ही! म्हणजे घरात नक्की काहीतरी घडलंय!

नवऱ्याला लावला. तो पूल बांधतो. त्याच्यामागे ढणढण आवाज येत होता.

“पिल्लाचा श्वास घरघरतोय!” मी ओरडले.

“काय? सास घरी येतेय? घरीच असते ना ती?”

“अरे, श्वास! छाती!”

“आईला फोन कर.”

“लागत नाही!”

“मग बाबांना कर.”

“तोही लागत नाही!”

“मग राउटर बंद करून चालू कर.”

“मी ऑफिसात आहे!” असं म्हणून मी फोन आपटला. लग्नाआधी हा माणूस मला फार हुशार वाटायचा.

आता पिल्लाचे डॉक्टर. ते शांत स्वभावाचे आहेत. माझे फोन घेऊन घेऊन झालेत तसे. मी हेडफोन फोनला चिकटवला.

“हा आवाज तुमच्या बाळाचा आहे?”

“हो डॉक्टर!”

“वजन किती होतं गेल्या वेळी?”

“साडेआठ किलो.”

“साडेआठ किलोतून हा आवाज?” डॉक्टरांचा स्वतःचा आवाज चिरकला. माझ्या कोणत्याही फोनवर तो आजवर चिरकला नव्हता. “ताबडतोब घेऊन या!”

एव्हाना माझ्या टेबलाभोवती अख्खा विभाग जमला होता. कोणीतरी हेडफोन काढून आवाज स्पीकरवर घेतला. घर्रर्र... घुर्रर्र... कपाटावरची धूळ उडेल असा आवाज! गर्दीतून वाट काढत साहेब आले. “काय चाललंय?” असं दरडावून म्हणाले, आणि आवाज ऐकल्यावर टाय सैल करून तिथेच उभे राहिले.

आणि मग आवाज थांबला.

एकदम. मध्येच. ‘घर्र...’ आणि पुढे काहीच नाही.

मी स्क्रीनकडे बघत आकडे मोजू लागले. तीन. चार. पांघरूण हलेना. सात. आठ. कोणी खोकलंसुद्धा नाही. अकरा. बारा. कॅमेऱ्याला बोलायचीही सोय आहे, हे मला तेव्हा आठवलं. मी बटण दाबलं आणि सगळा जीव गोळा करून ओरडले, “श्वास घे! श्वास घे रे राजा! घे ना! आत घे... सोड! आत घे... सोड!”

माझ्याबरोबर अख्खा विभाग श्वास आत घेत होता आणि सोडत होता. साहेबसुद्धा!

चौदा. पंधरा. खॉऽऽक्! एवढा मोठा आवाज झाला की स्टेपलरताईंनी कोणाचा तरी हात धरला. पांघरूण हललं. घरघर पुन्हा सुरू झाली. पण मी तोवर पर्स उचलली होती.

“साहेब, मी...”

“अहो, जा! पळा! उभ्या काय राहिलात!”

“ताई, तुम्ही स्क्रीनवर लक्ष ठेवा! डोळा हलवू नका!”

अट? कसली अट! ती मला जिन्यात आठवली आणि जिन्यातच मागे राहिली. काढू देत कॅमेरा, फोडू देत! मी टॅक्सीच्या पुढ्यात अशी उभी राहिले की त्या बिचाऱ्याला थांबण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

“जोरात चला! बाळाचा श्वास अडकलाय!”

टॅक्सीवाला पन्नाशीचा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टॅक्सी अशी पळवली, जसं काही बाळ त्याचंच होतं. वाटेत मला काय काय दिसलं ते सांगत नाही. मी सकाळी पिल्लाला न उठवता निघाले असते तर बरं झालं असतं, इथपासून मी आई व्हायलाच नको होतं, इथपर्यंत सगळं दिसलं. आमच्या गल्लीचं वळण आलं आणि फोन वाजला. स्टेपलरताई!

“अगं,” त्यांचा आवाज विचित्र येत होता, “बाळ उठलं.”

“उठलं? रडतंय का? रंग कसा आहे त्याचा? ओठ बघा, ओठ!”

“रडत नाहीये. उठून बसलंय.”

“बसलंय? आधाराशिवाय?” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पिल्लू पहिल्यांदा आधाराशिवाय बसलं आणि ते बघायला मी नव्हते!

“हो. आणि आता...” त्या थांबल्या. मागून कोणीतरी फस्सकन हसल्याचा आवाज आला. “आता ते चष्मा लावतंय.”

“काय?”

“चष्मा लावतंय गं. आता उशीजवळच्या वाटीतून काहीतरी काढलं. थांब हं, दिसू दे नीट... कवळी! कवळी बसवली त्याने! आता बाटलीतलं पाणी पितंय. अगं, तुझ्या बाळाला मिशा आहेत!”

मला सगळं एका क्षणात कळलं. कपाटाचा माथा. जुना खटला. चौकटीचं पांघरूण: एका कापडाची दोन शिवली होती सासूबाईंनी, एक छोटं, एक मोठं! एकवीस नंबरच्या खोलीत पिल्लू नव्हतं. एकवीस नंबरच्या खोलीत माझे सासरे घोरत होते!

आधी मी टॅक्सीत ढसाढसा रडले. मग खदाखदा हसले. टॅक्सीवाल्याने घाबरून ब्रेक मारला.

“ताई, काय झालं? बाळ...”

“बाळ ठीक आहे! बाळ एकाहत्तर वर्षांचं आहे!”

तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

आणि तेव्हा मला जिन्यात विसरलेली अट आठवली. पिल्लू सुखरूप! म्हणजे घरी जायचं कारणच उरलं नाही! अजून मला कोणी पाहिलेलं नव्हतं. आत्ता मागे वळले तर कॅमेराही वाचला, मानही वाचला!

“वळवा! टॅक्सी वळवा! परत ऑफिसला!”

“आता परत?”

“लवकर! इथे उभं राहू नका, समोर आमचीच इमारत आहे!”

गल्ली अरुंद. तो बिचारा पुढे घेतो, मागे घेतो, पुढे घेतो, मागे घेतो, आणि प्रत्येक वेळी मागे घेताना टॅक्सी भोंगा वाजवते, पीं पीं पीं! मी सीटवर आडवी झाले. पर्स तोंडावर घेतली. तेवढ्यात हातातला फोन वाजला. स्क्रीनवर सासूबाईंचं नाव.

“हॅलो आई!” मी शक्य तितक्या ऑफिसच्या आवाजात म्हणाले.

“कुठे आहेस गं?”

“ऑफिसात! टेबलावर. फार काम आहे.”

“हो का? तुझ्या टेबलाला चाकं कधी लावली?”

मी पर्सच्या आडून वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत, दोन काड्या रेंजच्या नेमक्या जागी, मान बाहेर काढून सासूबाई उभ्या होत्या. एका कानाला फोन, दुसऱ्या कडेवर पिल्लू. ठणठणीत, हसरं, हात हलवणारं, पुरतं टकलू पिल्लू!

“ये वर,” त्या म्हणाल्या. “येताना टॅक्सीवाल्याला पाणी विचार. घामाघूम झालाय तो.”

वर गेले तर घरात वेगळंच नाटक चालू होतं. सकाळी मी निघाल्यापासून घरातलं इंटरनेट बंद. सासूबाईंचा बहिणीला फोन लागेना, तो लावायला त्या खिडकीत उभ्या. बाबांचा फोनवरचा बुद्धिबळाचा डाव अर्ध्यात अडकलेला. “माझा वजीर धोक्यात होता, म्हणून मी तो डबा बंद करून चालू केला,” बाबा म्हणाले. “अकरा वेळा केला. तरी नेट येईना. मग कंटाळून झोपलो.”

अकरा वेळा! आणि त्या अकरांत कधीतरी वॉचमनने खोल्यांची अदलाबदल केली होती. एकवीस बाबांना, बावीस पिल्लाला. माझी चिठ्ठी मात्र तीच होती. वॉचमनने इमानेइतबारे मला एकवीस नंबरला नेऊन सोडलं. त्याची काय चूक!

पण बाबांचा मूड डाव अडकलेल्या माणसासारखा नव्हता. ते सासूबाईंच्या मागे मागे फिरत होते.

“अगं, एकदा कबूल कर ना. मघाशी तूच म्हणालीस ना?”

“काय म्हणाले मी?”

“झोपेत स्पष्ट ऐकलं मी. ‘राजा’ म्हणालीस मला. ‘श्वास घे रे राजा.’ इतक्या मायेने! चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा!”

“मी? तुम्हाला? राजा?” सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. “डोकं फिरलंय का तुमचं?”

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी पिल्लाच्या मानेत तोंड लपवलं आणि तिथूनच सगळं सांगितलं. पोर्ट, चौकटी, एकवीस, बावीस, टक्कल. सांगून संपलं तेव्हा सासूबाई जमिनीवर बसून डोळे पुसत होत्या. हसून हसून त्यांना उचकी लागली होती.

“म्हणजे,” उचकीतून त्या म्हणाल्या, “तुझ्या अख्ख्या ऑफिसने ऐकलं?”

“चौदा जणांनी. साहेब धरून.”

“ऐकलंत?” त्या बाबांकडे वळल्या. “चौदा साक्षीदार! मिळाला पुरावा?”

बाबांचा चेहरा पडला. “म्हणजे... ‘राजा’ सुद्धा माझ्यासाठी नव्हतं?” या माणसाने एका तासात खटलाही गमावला आणि राज्यही!

तेवढ्यात माझा फोन वाजला. डॉक्टर! त्यांना मी विसरूनच गेले होते.

“अहो, कुठे आहात? मी ऑक्सिजन तयार ठेवलाय!”

“डॉक्टर, माफ करा. तो आवाज पिल्लाचा नव्हता. सासऱ्यांचा होता. वजन साडेआठ नाही, अठ्ठ्याहत्तर किलो.”

मला वाटलं, ओरडतील. पण त्यांनी विचारलं, “तो आवाज मध्येच थांबला होता का?”

“हो. पंधरा आकडे होईपर्यंत.”

“मी लहान मुलांचा डॉक्टर आहे,” ते म्हणाले, “पण तरीही सांगतो. तुमच्या बाळाला चांगल्या डॉक्टरकडे न्या. याच आठवड्यात.”

मी ते मोठ्याने सांगितलं आणि सासूबाईंचं हसू तिथेच थांबलं.

बाबांच्या तपासण्या झाल्या. झोपेत श्वास अडतो म्हणाले, बऱ्याचदा अडतो, वेळेवर कळलं हे नशीब. आता ते नाकाला नळी असलेला मुखवटा लावून झोपतात. घोरणं पार बंद झालंय. “खोल श्वाससुद्धा घेता येत नाही मेला!” अशी त्यांची तक्रार असते.

अट म्हणजे अट. त्याच संध्याकाळी पिल्लाचा कॅमेरा भिंतीवरून उतरला. स्टूल सासूबाईंनी धरलं. मी ‘आतून बाहेर’ची खूण काढली, आणि पिल्लाने खाल्लेल्या पानाची प्रत मिळवून एकवीस नंबर कायमचा राखीव केला. बाबांच्या नावावर! कारण डॉक्टरांनी सांगितलंय, दिवसाच्या झोपेत मुखवटा सरकत नाही ना यावर महिनाभर कोणीतरी लक्ष ठेवा. घरात लक्ष ठेवण्याचा अनुभव सगळ्यात जास्त कोणाला आहे, यावर फारशी चर्चा झाली नाही.

तर आता रोज अकरा वाजता मी ऑफिसात एकवीस नंबर उघडते. स्टेपलरताई आपली खुर्ची सरकवून शेजारी बसतात. साहेब जाता जाता ‘झोपलं का?’ असं विचारतात. आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी माझा फोन वाजतो. पलीकडे खिडकीतला वारा, पिल्लाचं आ-आ-आ, आणि सासूबाई:

“झोपले का गं? मी आत डोकावले तर उठतील म्हणून विचारते. पालथे नाहीत ना? श्वास नीट चाललाय ना?”

“हो आई. नीट चाललाय.”

“बरं. दहा मिनिटांनी करते पुन्हा.”

करतातही. आजचा हा सहावा.

आणि हो, त्या साम्याबद्दल विचाराल, तर आहे. थोडंसं. वरून बघितलं, आणि पडदे ओढलेले असले, तर.

हे घरी मात्र कोणाला सांगू नका.